पैलू लपवणारे आणि पैलू दाखवणारे

एक कोरा कागद चुरगळा, अर्धवट उलगडा आणि दिव्याखाली ठेवा. कागद सगळीकडे सारखाच पांढरा. पण दिव्याकडे तोंड केलेले तुकडे उजळ दिसतात आणि तिरपे तुकडे करडे. लँबर्टने 1760 मध्ये याचा नियम सांगितला. उजळपणा हा पृष्ठभागाचा लंब व प्रकाशकिरण यांच्यातील कोनाच्या कोज्येच्या प्रमाणात असतो. कोन 60 अंशांचा झाला की उजळपणा निम्मा.

संगणकावर त्रिमितीय वस्तू काढताना हाच नियम कामी येतो. वस्तूचे सपाट बहुभुजी तुकडे करायचे आणि प्रत्येक तुकड्याला एक छटा द्यायची. 1970 च्या सुमारास अमेरिकेतील यूटा विद्यापीठात हे काम जोरात चालू होते. अडचण अशी की, गोल गालही हिऱ्यासारखा पैलूदार दिसे. पैलू वाढवले तरी सांधे डोळ्यांत खुपतच. यात सगळा दोष संगणकाचा नव्हता. दोन छटा जिथे भेटतात तिथे आपला डोळाच त्यांतील फरक वाढवून दाखवतो, हे अर्न्स्ट माखने 1865 मध्येच नोंदवले होते.

आँरी गूरो या फ्रेंच संशोधकाने 1971 मध्ये यावर तोड काढली. त्याने पत्नी सिल्वीच्या चेहऱ्यावर रेघा आखून बहुभुज पाडले आणि छायाचित्रांवरून त्यांची मापे घेतली. (त्या बाईंच्या सोशिकपणाचे कौतुक करायला हवे!) मग अख्ख्या पैलूला एक छटा देण्याऐवजी त्याने फक्त कोपऱ्यांच्या छटा काढल्या आणि मधल्या बिंदूंवर त्या हळूहळू बदलत नेल्या. पैलू तेवढेच राहिले, चेहरा मात्र गुळगुळीत झाला. लबाडी उघडी पडते ती कडेला. बाह्यरेषा कोनदारच राहते.

खेळांच्या यंत्रांना ही आकडेमोड बराच काळ जड होती. ‘व्हर्चुआ रेसिंग’ (1992) मधल्या मोटारी आणि डोंगर सपाट छटांचेच होते. पुढे यंत्रे वेगवान झाली आणि पैलू दिसेनासे झाले.

मग 2013 ते 2020 या काळात टप्प्याटप्प्याने आलेल्या ‘केंटकी रूट झीरो’ या खेळात तिघा कलावंतांनी ते मुद्दाम परत का आणले? तीन माणसांना प्रत्येक पान कोरत बसणे परवडत नाही, हे उघड आहे. पण तेवढेच म्हणणे अन्यायाचे होईल. त्यातले रात्रीचे पेट्रोल पंप आणि माळरान पाहावे. बारीक तपशील जवळजवळ नाहीत. जागा कळते ती उजेड कुठे संपतो त्यावरून. गूरोला नडलेला डोळ्याचा तोच खोडकरपणा इथे चित्रकाराच्या मदतीला येतो.

वर्गात तोच चुरगळलेला कागद घेऊन दिवा सावकाश फिरवावा आणि मुलांना फक्त तीन छटांत त्याचे चित्र काढायला सांगावे.