उशिरा आलेली नावं

भारतीय दंड संहिता 1860 सालची. आमच्या सिल्वासात मात्र ती लागू झाली 1 जुलै 1965 ला. त्याआधी इथं पोर्तुगीजांचं राज्य होतं. 2 ऑगस्ट 1954 ला दादरा आणि नगर हवेली मुक्त झाली, 1961 साली भारतात सामील झाली, आणि मग एकेक भारतीय कायदा इथं येत गेला. मुक्तिसंग्रामात सुधीर फडके होते, हे आपल्याकडे अभिमानानं सांगतात, सांगायलाच हवं. पण त्या कायद्यांबरोबर इंग्रजांचं कलम 377 सुद्धा दमणगंगेच्या काठी आलं, हे कुणी सांगत नाही. 'निसर्गाच्या क्रमाविरुद्ध' असलेल्या संबंधांना शिक्षा देणारं ते कलम. इंग्रज निघून गेल्यावर अठरा वर्षांनी ते आमच्या गावात पोचलं.

गंमत म्हणजे कलमाची भाषा अशी, की दोन बायकांचं नातं त्यात धड बसायचंही नाही. बायका एकमेकींवर प्रेम करतील हे लिहिणाऱ्यांच्या मनातच आलं नसावं. गुन्हेगार म्हणूनसुद्धा आपली मोजदाद नाही. भीती मात्र आपल्या वाट्याला पुरेपूर आली.

मैत्रिणींनो, मी क्वीअर आहे. 1996 मध्ये सांगलीहून इथं यार्नच्या कारखान्यात हिशेब लिहायला आले, आणि 2008 पासून माझी जोडीदार आणि मी एका घरात राहतो. शेजारी आम्हाला मावसबहिणी समजतात. दुसरी गोष्ट मला 2019 साली, पंचेचाळिसाव्या वर्षी कळली. मुंबईच्या एका मानसतज्ज्ञ बाईंनी तीन भेटींनंतर सांगितलं, तुम्हाला ऑटिझम आहे, जन्मापासून आहे. मग मला साहजिकच प्रश्न पडला, इतकी वर्षं हे कुणाला दिसलं कसं नाही? उत्तर शोधताना मी इतिहासात शिरले.

ऑटिझम हा शब्द 1911 च्या सुमारास ऑयगेन ब्लॉयलर या स्विस डॉक्टरांनी रूढ केला, तो स्किझोफ्रेनियाच्या संदर्भात. मराठीत आपण त्याला स्वमग्नता म्हणतो. 1925 साली ग्रुन्या सुखारेवा या रशियन डॉक्टर बाईंनी सहा मुलग्यांची बारकाईनं वर्णनं लिहिली आणि दोन वर्षांत मुलींचीही लिहिली. ती मागं पडली. जगानं लक्षात ठेवला तो 1943 चा लिओ कॅनर यांचा लेख, त्यात 11 मुलं होती, आठ मुलगे आणि तीन मुली. 1944 साली हान्स आस्पर्गर यांनी लिहिलं ते चार मुलग्यांवर. पुढं डॉक्टरांनी लक्षणांच्या याद्या केल्या त्या बहुतेक मुलग्यांकडे बघून. मग सांगलीतली एक मुलगी त्या यादीत कशी सापडणार?

आणि मुलगी जैन घरातली असली तर आणखीच अवघड. दहाव्या वर्षी मला कर्माच्या 148 प्रकृती क्रमानं पाठ होत्या. पाठशाळेत बक्षीस मिळालं. सामायिकाला 48 मिनिटं मी हलायची नाही, कारण त्या वेळात कुणी माझ्याशी बोलत नसे. जेवताना मौन पाळायची. पंगतीतला गोंगाट, लग्नातला बँड सोसवत नसे म्हणून मागच्या खोलीत जाऊन बसायची. बायका आईला म्हणायच्या, "पोर किती शांत आहे हो, पूर्वजन्मीचे संस्कार!" स्थळांना नाही म्हणू लागले तेव्हा म्हणाल्या, "हिला वैराग्य आहे, ही दीक्षा घेणार." वैराग्य नव्हतं. मला एक मुलगी आवडत होती. पण माझं न बोलणंही आणि लग्नाला नाही म्हणणंही धर्माच्या खाती जमा झालं. आपल्या समाजात बाईला संसाराबाहेर जागा आहे, तिला मानही आहे, हे खरं. पण त्या जागेत कोण कशासाठी गेलं, हे विचारायची पद्धत नाही.

अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांची एक निदानपुस्तिका आहे, जगभर वापरतात. समलैंगिकता हा आजार नाही, असं त्यांच्या संघटनेनं 1973 साली ठरवलं. त्याच पुस्तिकेच्या 1980 च्या आवृत्तीत ऑटिझमला पहिल्यांदा स्वतंत्र जागा मिळाली. माझं एक नाव यादीतून बाहेर पडत होतं, दुसरं आत येत होतं, आणि मी तेव्हा पाठशाळेत होते. आपल्या देशात 1995 च्या अपंग कायद्यात सात प्रकार होते, त्यात ऑटिझम नव्हता. 1999 च्या राष्ट्रीय न्यास कायद्यात तो आला, 2016 च्या कायद्यातल्या 21 प्रकारांतही आहे. दिल्ली उच्च न्यायालयानं 2009 मध्ये 377 ची धार काढली, सर्वोच्च न्यायालयानं 2013 मध्ये ती परत लावली, आणि 6 सप्टेंबर 2018 ला पाच न्यायाधीशांनी प्रौढांमधल्या संमतीच्या संबंधांना त्यातून कायमचं सोडवलं.

या दोन गोष्टी एका माणसात येणं हा काही अपवाद नाही. 2020 साली वरुण वॉरियर आणि केंब्रिजमधल्या त्यांच्या सहकाऱ्यांनी सुमारे 6 लाख 40 हजार लोकांची माहिती तपासली. ट्रान्स आणि लिंगभाव वेगळा असलेल्या लोकांत ऑटिझमचं प्रमाण इतरांच्या तीन ते सहा पट आढळलं. मी ट्रान्स नाही, तरी तो अभ्यास वाचून मला एकटं वाटेनासं झालं.

"हे सगळं पाश्चात्त्य खूळ," असं मला एका मावशींनी सांगितलं. त्यांना मी गोम्मटसार दाखवलं. दहाव्या शतकात नेमिचंद्र सिद्धांतचक्रवर्तींनी वेद तीन सांगितले, स्त्री, पुरुष आणि नपुंसक. शरीराचा तो द्रव्यवेद, मनातल्या ओढीचा तो भाववेद. दोन्ही बहुधा जुळतात, क्वचित जुळत नाहीत, असं तिथं स्पष्ट आहे. हजार वर्षांपूर्वी आपल्या आचार्यांनी शरीर आणि ओढ वेगवेगळी मोजली. मी त्याचा उगाच गौरव करणार नाही. तिन्ही वेद नोकषायच, बांधणारेच. शिवाय नपुंसकवेदाचा दाह सगळ्यांत तीव्र म्हटला आहे, विटांच्या भट्टीसारखा. पण 'असं असतंच कुठं?' हा प्रश्न मात्र जैन शास्त्र वाचलेल्या माणसानं विचारू नये. मावशींनी पान वाचलं, चष्मा काढला आणि चहा ठेवायला उठल्या. पुढं काही बोलल्या नाहीत, पण आम्हा दोघींना आता जोडीनं जेवायला बोलावतात.

1 जुलै 2024 ला भारतीय न्याय संहिता आली आणि जुनी दंड संहिता गेली. सिल्वासात ती बरोबर 59 वर्षं होती. लग्नाचा हक्क सर्वोच्च न्यायालयानं ऑक्टोबर 2023 मध्ये नाकारला, त्यामुळे दवाखान्यात सही कुणाची चालेल ही काळजी आमच्या घरात रोजची आहे. पण माझी दोन नावं आता मला माहीत आहेत, आणि ती मला दुसऱ्या कुणाच्या तोंडून ऐकावी लागत नाहीत.

तुमच्याकडे एक मागणं आहे. पुढच्या परिचय मेळाव्यात कोपऱ्यात बसलेली एखादी शांत मुलगी दिसली, तर तिच्या संस्कारांचं कौतुक करण्याआधी तिला एवढंच विचारा, "आवाजाचा त्रास होतोय का गं? बाहेर जाऊन बसायचं?" आणि लग्नाला ती नाही म्हणाली, तर कारणही तिलाच विचारा. उत्तर काहीही आलं तरी तिच्या शेजारची खुर्ची सोडू नका.