'ठाण्याला पाठवा'

करी रोडच्या आमच्या चाळीत कुणी जरा विचित्र बोललं की 'ह्याला ठाण्याला पाठवा' असं सहज म्हणतात. उर्दूच्या तासाला मंटोची 'टोबा टेक सिंग' शिकवताना तेच वाक्य मागच्या बाकावरून येतं. मग मी पुस्तक मिटून ठाण्याविषयी बोलतो.

मुंबईतले मनोरुग्ण आधी कुलाब्याच्या असायलममध्ये असत. 1901 मध्ये ठाण्याचं इस्पितळ सुरू झालं. नरोत्तमदास माधवदास यांच्या देणगीमुळे त्याला त्यांचंच नाव मिळालं. 1912 चा कायदा आला तो 'ल्यूनसी'चा. मॅजिस्ट्रेटच्या हुकमावर माणूस आत जाई, म्हणजे आजारी कमी आणि कैदी जास्त. तो कायदा बदलायला 1987 उजाडलं!

मंटोची गोष्ट लाहोरची, पण तो माणूस आपल्या मुंबईचा. 1948 मध्ये तो इथून गेला, आणि पुढे दारूपायी लाहोरच्या पागलखान्यात उपचारही घेतले. गोष्टीतली वेड्यांची अदलाबदल कल्पित नाही. 1950 मध्ये दोन्ही देशांनी ती खरोखर केली. कुणाला कुठे जायचं आहे, हे विचारल्याशिवाय.

आपल्या लोकांशीही थोडं बोलायला हवं. कैरोत सुलतान कलाऊनच्या 1284 च्या बिमारिस्तानात मनोरुग्णांसाठी वेगळी सोय होती, हे आपण अभिमानाने सांगतो. पण घरात असा माणूस असला की त्याला डॉक्टरऐवजी दर्ग्यावर नेतो. 2001 मध्ये तामिळनाडूतल्या एरवाडीला आग लागली, तेव्हा साखळदंडांनी बांधलेली 28 माणसं जळून मेली. तो अभिमान तिथे काय कामाचा?

आता ठाण्याच्या आवारातली जमीन ठाणे आणि मुलुंडच्या मधल्या नव्या रेल्वे स्थानकासाठी जाते आहे. 2023 मध्ये उच्च न्यायालयाने ती वाट मोकळी केली. स्थानक हवंच, आमच्या स्लो लोकलची गर्दी मला ठाऊक आहे. जुन्या दगडी भिंतींचे फोटो काढणारे पुष्कळ भेटतील. मला काळजी आहे ती दाखल्यांच्या जुन्या रजिस्टरांची. कुणाला कोणी आणलं, पत्ता काय दिला, न्यायला कोण आलं, हे दुसरीकडे कुठे सापडणार?

2017 चा कायदा म्हणतो की घरचे नेत नाहीत एवढ्याच कारणाने कुणाला इस्पितळात ठेवता येणार नाही. बरी झालेली माणसं मात्र सगळीकडे वाट बघत बसलेली असतात. हे सांगितल्यावर वर्गात एका मुलीने विचारलं, "सर, पत्ता चुकीचा दिला असेल तर?"