आयर्लंडमधील अंधत्वाची चौकशी (१८४९–५१)

महादुष्काळाने गांजलेल्या आयरिश जनतेत, विशेषतः सरकारी दरिद्राश्रमांतील मुलांत, एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास उद्भवलेल्या नेत्ररोगाच्या साथीची व एकंदर देशातील अंधत्वाची डब्लिनचे नेत्रवैद्य विल्यम वाइल्ड (१८१५–७६) यांनी केलेली पद्धतशीर पाहणी.

१८४५ पासून करप्याने बटाट्याचे पीक वारंवार बुडाले, आणि ज्या गरीब रयतेचा निर्वाह मुख्यत्वे बटाटा व दूध यांवर चाले तिला १८३८ च्या कायद्यान्वये उभारलेल्या वर्कहाउस नामक दरिद्राश्रमांची वाट धरावी लागली. तेथील दाटीवाटीत डोळे येण्याची साथ बळावली. १८४९ साली या आश्रमांच्या दप्तरी १३,००० हून अधिक नेत्ररुग्णांची नोंद झाली होती, ती १८५१ मध्ये ४५,००० च्या वर गेली.

डब्लिनमध्ये १८४४ साली सेंट मार्क्स नेत्ररुग्णालय स्थापन करणाऱ्या वाइल्ड यांनी टिपरेरी व ॲथलोन येथील दरिद्राश्रमांची व शाळांची तपासणी करून आपले निरीक्षण १८५१ मध्ये प्रसिद्ध केले. रोग सांसर्गिक असून कोंदट निवासामुळे तो फैलावतो, असे त्यांचे मत होते. साथीतील पुष्कळसे रुग्ण आज ज्याला खुपरी म्हणतात त्या विकाराचे असावेत. या विकारात पापणी उलटून पाहिली असता आत भिजलेल्या साबुदाण्यासारखे दाणे दिसतात. कालांतराने त्यांचे वण होतात, वणांच्या ओढीने पापणीची कड आत वळते, आणि तिचे केस अहोरात्र बुबुळावर घासून अखेर त्यावर फूल पडते.

१८५१ च्या खानेसुमारीत वाइल्ड यांच्या देखरेखीखाली मूकबधिर, अंध, पंगू व मनोरुग्ण यांची स्वतंत्र गणना झाली. तीत ७,५८७ अंध, म्हणजे दर ८६४ रहिवाशांमागे एक, आढळले. खानेसुमारीच्या कामगिरीबद्दल वाइल्ड यांना १८६४ साली ‘सर’ हा किताब मिळाला.

अ जीवनसत्त्वाचा शोध १९१३ साली लागल्यावर या साथीचा फेरविचार शक्य झाला. बटाट्यात हे सत्त्व नसते. ते गरिबाला दुधातून मिळे, आणि दुष्काळात दूधच दुर्मीळ झाले. म्हणून दरिद्राश्रमांतील काही मुलांची दृष्टी संसर्गाने नव्हे, तर या सत्त्वाच्या अभावी डोळे कोरडे पडून व बुबुळ गळून गेली असावी, असे मत मार्गारेट क्रॉफर्ड यांनी विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मांडले. वाइल्ड यांचे संसर्गाचे निदान त्यामुळे खोटे ठरत नाही. परंतु उपासमारीने डोळ्यांवर केलेला हा दुसरा आघात ओळखण्याचे साधन त्यांच्या काळच्या वैद्यकापाशी नव्हते. एकाच समाजातील अंधत्वाला एकाहून अधिक कारणे असू शकतात, आणि अन्न व निवारा यांची चौकशी केल्यावाचून नेत्ररोगाची चौकशी पुरी होत नाही, हा या प्रकरणाचा निष्कर्ष होय.