पित्ताशयातील खडे: सगळ्यांचे सारखे का नसतात?

‘शेजारच्यांचे खडे गोळीने विरघळले, मग माझे का नाही?’ सोनोग्राफीत पित्ताशयातील खडे दिसले की हा प्रश्न अनेकांना पडतो. उत्तर खडा कशाचा आहे यात दडलेले असते आणि ते पित्तरसातील घटकांवर ठरते.

पित्तरसात काय असते?

‘पित्त झाले’ असे म्हणताना आपल्याला ॲसिडिटी अभिप्रेत असते. पित्तरस वेगळा. तो यकृतात तयार होतो, पित्ताशयात साठून घट्ट होतो आणि जेवणानंतर स्निग्ध पदार्थ पचवण्यासाठी आतड्यात येतो. त्यात पाण्याशिवाय मुख्यतः पित्तक्षार, लेसिथिन, कोलेस्टेरॉल आणि बिलिरुबिन हे पिवळे रंगद्रव्य असते.

खडे कसे तयार होतात?

कोलेस्टेरॉल पाण्यात विरघळत नाही. पित्तक्षार आणि लेसिथिन त्याला विरघळलेले ठेवतात. कोलेस्टेरॉल त्यांच्या आवाक्याबाहेर गेले की त्याचे स्फटिक बनतात. पित्ताशय नीट रिकामे होत नसेल तर त्यांचेच पुढे खडे होतात. गरोदरपण, लठ्ठपणा आणि झपाट्याने वजन घटवणे यांमुळे ही शक्यता वाढते.

बिलिरुबिन जास्त झाल्यास काळे खडे होतात. पित्तनलिकेत जंतुसंसर्ग झाल्यास तपकिरी खडे होतात.

कुठे कोणते खडे?

*अमेरिका खंड:* ॲरिझोनातील पिमा या मूळनिवासी समाजाच्या पित्तरसात कोलेस्टेरॉलचे प्रमाण जास्त आढळते. १९७० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात २५ ते ३४ वयाच्या ७० टक्क्यांहून अधिक पिमा स्त्रियांना पित्ताशयाचा विकार आढळला. चिलीतील मापुचे समाजातही हे खडे फार आढळतात. यामागे आनुवंशिकतेचाही वाटा आहे. उदाहरणार्थ, ‘एबीसीजी८’ हे जनुक कोलेस्टेरॉल पित्तरसात सोडण्याच्या कामाशी संबंधित आहे आणि त्याच्या एका प्रकारामुळे खड्यांचा धोका वाढतो.

*जपान:* येथे पूर्वी तपकिरी खडे बरेच आढळत. दुसऱ्या महायुद्धानंतर आहार बदलला, स्वच्छता सुधारली आणि कोलेस्टेरॉलच्या खड्यांचे प्रमाण वाढले. लोक तेच, खडे मात्र बदलले.

*भारत:* उत्तरेत कोलेस्टेरॉलचे खडे जास्त, तर दक्षिणेत रंगद्रव्याच्या खड्यांचे प्रमाण तुलनेने अधिक दिसते. विदर्भ आणि नंदुरबारच्या आदिवासी भागांत सिकलसेल आजार आढळतो. त्यात तांबड्या पेशी लवकर फुटतात, बिलिरुबिन वाढते आणि लहान वयातही काळे खडे होऊ शकतात.

उपचारात काय फरक पडतो?

खडे विरघळवणारे अर्सोडिऑक्सिकोलिक ॲसिड हे औषध फक्त कोलेस्टेरॉलच्या लहान खड्यांवर चालते. तेही खड्यांत कॅल्शियम साठलेले नसेल आणि पित्ताशय काम करत असेल तरच. त्याला अनेक महिने लागतात आणि खडे पुन्हा होऊ शकतात. रंगद्रव्याच्या खड्यांवर ते चालत नाही.

व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या ‘ऑलिव्ह तेल आणि लिंबूरस’ या उपायानंतर शौचातून पडणारे हिरवे गोळे बहुधा तेलापासून पोटातच बनलेले साबणासारखे गोळे असतात. पित्ताशयातले खडे आहेत तिथेच राहतात.

त्रास न देणाऱ्या खड्यांना बहुतेकदा शस्त्रक्रिया लागत नाही. मात्र उजव्या बरगडीखाली तीव्र दुखणे, थंडीताप किंवा कावीळ दिसल्यास घरगुती उपायांत वेळ न घालवता तातडीने रुग्णालयात जावे.