खांद्याचे माप आणि बंदुकीचा दस्ता

माथेरानच्या डोंगराच्या पायथ्याशी, नेरळ आणि वांगणी या स्थानकांच्या मधोमध, उल्हास नदीच्या खोऱ्यात वसलेल्या शेलूसारख्या गावांत बंदुकीचा इतिहास हा मुख्यतः रानडुकरांपासून शेत राखण्याचा इतिहास आहे. आणि बार उडताच खांद्यावर उमटणारा काळानिळा डाग हा त्या इतिहासाचा फारसा नोंदला न गेलेला भाग आहे. हा डाग दारूच्या जोरामुळे पडतो असे सर्रास मानले जाते. वास्तविक बंदूक ज्याच्या हाती पडली त्याच्या शरीराचे माप तिला कधी दिलेच गेले नाही, हे त्याचे मोठे कारण आहे.

फेब्रुवारी 1661 मध्ये खालापूरजवळच्या उंबरखिंडीत शिवाजी महाराजांनी मोगल सरदार कारतलबखानाला कोंडले, त्या काळी प्रचारात असलेली बंदूक तोड्याची होती, म्हणजे जळती वात कानातल्या दारूला लावून ती उडवली जाई. तिचा दस्ता सरळ आणि अरुंद असे, पण लांब नळीचे वजन मोठे असल्याने धक्क्याचा बराच भाग त्या वजनातच जिरत असे. एकोणिसाव्या शतकात टोपी ठोकून पेटणारी ठासणीची बंदूक रूढ झाली. दारू, चिंध्या आणि छर्रे गजाने ठासणाऱ्याच्या अंदाजावरच तिचा बार अवलंबून असल्याने प्रत्येक बाराचा दणका निराळा असे.

1856 मध्ये कल्याण–खोपोली लोहमार्ग या खोऱ्यातून गेला आणि मुंबईच्या साहेबाला माथेरानचे रान जवळ आले. त्याची बंदूक लंडनच्या कारागिराने त्याच्या हाताची, मानेची व गालाची मापे घेऊन घडवलेली असू शके. शिवाय 1878 च्या शस्त्र कायद्याखाली परवान्याची जी सक्ती आली, तीतून युरोपीयांना सूट होती. शेतकऱ्याला परवाना चुकला नाही आणि मापाची बंदूकही लाभली नाही, हा अन्याय लहान मानता येत नाही. 1959 च्या कायद्याने पीकसंरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीची स्वतंत्र तरतूद केली, तरी बापाच्या खांद्याला बसलेला दस्ता मुलाच्या खांद्याला बसेलच, याची हमी कोणता कायदा देणार?

बारा बोरची बंदूक, म्हणजे जिच्या नळीत एक पौंड शिशाच्या बारा समान गोळ्यांपैकी एक बसेल अशी सुमारे 18.5 मिलिमीटर व्यासाची बंदूक, 32 ग्रॅम छर्रे सेकंदाला सुमारे 370 मीटर वेगाने फेकते, तेव्हा तीन किलोची ती बंदूक सेकंदाला चार मीटरांहून अधिक वेगाने मागे येते. हा धक्का टळत नाही, पण तो कुठे आणि किती जागेवर पसरतो हे मापावर ठरते. चापापासून दस्त्याच्या मागील टोकापर्यंतचे अंतर जास्त असेल तर टोक काखेत अडकते किंवा दंडावर आदळते. कमी असेल तर अंगठ्याचे हाड नाकावर बसते. नळीच्या वरच्या रेषेपासून दस्ता फार खाली उतरलेला असेल तर नेम धरणाऱ्याला डोके वर उचलावे लागते, गाल लाकडापासून सुटतो आणि तेच लाकूड उसळून गालफडावर बसते. उजव्या हाताने नेम धरणाऱ्यासाठी दस्ता किंचित उजवीकडे झुकवतात तो याचसाठी, की डोळा आपोआप नळीच्या रेषेत यावा.

धरण्याची रीतही तितकीच महत्त्वाची आहे. गळपट्टीचे हाड आणि खांद्याचा सांधा यांच्यामधल्या मांसल खळग्यात दस्ता घट्ट दाबून धरावा, गाल लाकडाला टेकवावा, वजन पुढच्या पायावर घेऊन अंग किंचित पुढे झुकवावे. दस्ता आणि खांदा यांत बोटभर जरी फट राहिली, तरी बंदूक तेवढ्या अंतरात वेग घेऊन हाडावर आदळते. म्हणूनच दणक्याच्या भीतीने बंदूक सैल धरणाराच अधिक सोसतो.

लांब दस्ता कापून आखूड करणे आणि आखूड दस्त्याला मागे रबराची गादी बसवणे ही परवानाधारक बंदूक-कारागिराची नित्याची कामे आहेत. तेव्हा वारशाने आलेली बंदूक वापरणाऱ्याने पहिला बार काढण्यापूर्वी ती रिकामी असल्याची खात्री करून दस्ता स्वतःच्या मापाचा करून घ्यावा.