स्वप्नांच्या बेटावरच्या माश्या

फुटबॉलचा वर्ल्डकप आला की एक व्हिडिओ ठरलेला असतो. मॅच संपते, जपानी प्रेक्षक पिशव्या काढतात आणि स्टेडियममधला कचरा गोळा करू लागतात. २०२२ मध्ये कतारमधला तसाच व्हिडिओ ऑफिसच्या ग्रुपवर आला आणि जेवताना कुणीतरी नेहमीचं वाक्य टाकलं, "त्यांच्या रक्तातच आहे. आपल्याकडे नाही होणार." मीही मान डोलावली. शेजारी बसलेला मित्र फुरसुंगीचा. तो एवढंच म्हणाला, "रक्ताचं सोड रे. कचऱ्याची गाडी कुणाच्या दारात रिकामी होते ते बघ."

ते डोक्यात राहिलं, म्हणून मी टोकियोचा इतिहास वाचायला घेतला. तिथे भेटलेलं शहर त्या व्हिडिओतलं नव्हतं.

१९६४ च्या ऑलिंपिकआधी टोकियोत लोकांना स्वच्छता शिकवण्याच्या मोहिमा चालवाव्या लागल्या होत्या. रस्त्याकडेच्या उघड्या कचरापेट्या काढून घरोघरी झाकणाच्या प्लॅस्टिक बादल्या आणल्या गेल्या आणि कचरागाडीचे वार ठरले. गंमत म्हणजे, शाळेतल्या मुलांनी स्वतः वर्ग झाडायची पद्धत तेव्हाही जुनीच होती. वर्ग झाडून मोठी झालेली माणसंच शहर घाण करत होती.

पाहुण्यांसाठी रस्ते चकाचक झाले, पण कचरा जायचा कुठे? बराचसा समुद्राकाठच्या कोतो वॉर्डात. तिथल्या भरावाच्या जागेचं नाव युमेनोशिमा, म्हणजे 'स्वप्नांचं बेट'. १९६५ च्या उन्हाळ्यात या बेटावरून माश्यांचे थवे वस्तीत घुसले. शेवटी प्रशासनाने कचऱ्याच्या डोंगराला आग लावून माश्या मारल्या. पण गाड्या येतच राहिल्या. दुर्गंधी, वाहतूककोंडी, रस्त्यावर सांडणारं घाण पाणी, सगळं कोतोच्या वाट्याला.

सप्टेंबर १९७१ मध्ये गव्हर्नर र्‍योकिची मिनोबे यांनी 'कचरायुद्ध' जाहीर केलं. प्रत्येक वॉर्डाने आपला कचरा आपल्याच हद्दीत जाळावा, असं धोरण पुढे आलं. सुगिनामी या सुखवस्तू वॉर्डातल्या ताकाइदो भागात भट्टी बांधायला मात्र रहिवाशांचा कडाडून विरोध होता. कचरा तुमच्याकडे, भट्टी आमच्याकडे नको! मग १९७३ मध्ये कोतोचे लोकप्रतिनिधी रस्त्यावर उतरले आणि त्यांनी सुगिनामीच्या गाड्या अडवल्या. सुगिनामीत कचरा साचू लागला. आपला कचरा जातो कुठे, हा प्रश्न तिथे पहिल्यांदाच नाकाला जाणवला असेल.

१९७४ मध्ये तडजोड झाली आणि पुढे ताकाइदोत भट्टी उभी राहिली. तिच्या उष्णतेवर शेजारच्या पोहण्याच्या तलावाचं पाणी तापवलं जाऊ लागलं. त्याच काळात, १९७५ मध्ये, नुमाझू शहराने घरातच कचरा वेगळा करायची पद्धत सुरू केली. तिथेही सुरुवात डंपिंगच्या जागेवरच्या भांडणातूनच झाली होती.

१९९५ च्या सारिन हल्ल्यानंतर जपानमध्ये अनेक स्टेशनांवरच्या कचरापेट्या काढल्या गेल्या, तरी प्लॅटफॉर्म उकिरडे झाले नाहीत. कचरा खिशात घालून घरी नेणारा तो माणूस आपल्याला व्हिडिओत दिसतो. कोतोच्या रस्त्यावर गाड्या अडवणारा माणूस दिसत नाही.

पुण्याचा कचरा वर्षानुवर्षं उरुळी देवाची-फुरसुंगीच्या डेपोत गेला. गावकऱ्यांनी कितीदा तरी गाड्या अडवल्या. तशी बातमी आली की माझ्या मनात एकच विचार यायचा, आता सोसायटीत वास सुटणार. हे लोक गाड्या का अडवतात, असं मी त्या मित्राला एकदाही विचारलं नव्हतं. टोकियोच्या गोष्टीत मी स्वतःला कोतोत शोधत होतो. सापडलो सुगिनामीत.