लष्कराने नळ विकले त्याची गोष्ट

गेल्या रविवारी आमच्या सोसायटीची मिटिंग दोन तास चालली आणि त्यातला दीड तास एसटीपीवर गेला. एसटीपी म्हणजे पार्किंगखाली असलेला सांडपाण्याचा प्लँट. वास आला की त्याची आठवण होते, एरवी नाही. बिल्डरने सोसायटी ताब्यात दिली तेव्हा पाइपांची ड्रॉइंग्ज काही दिली नाहीत, त्यामुळे कुठला पाइप कुठे जातो हे फक्त जुन्या प्लंबरला माहीत, आणि तो गावी गेलाय. दरवर्षी पंप बदलायचं ठरतं आणि दरवर्षी लॉबीचा रंग जिंकतो. शेवटी सेक्रेटरी काका वैतागून म्हणाले, "सगळं एका कंपनीला देऊन टाका. दर महिन्याला बिल येईल. बिल आलं की लोक गुपचूप भरतात हो, दुरुस्तीला पैसे मागितले की वाद घालतात!"

काकांना कल्पना नसेल, पण साधारण हाच हिशेब करून अमेरिकेच्या संरक्षण खात्याने आपल्या लष्करी तळांवरचे पाण्याचे आणि ड्रेनेजचे पाइप खाजगी कंपन्यांना विकायला काढले होते. नुसतं चालवायला नाही, मालकी हक्कासकट. हा विषय मला कसा सापडला? मागे एका प्रोजेक्टमध्ये तिकडच्या पाणी कंपन्यांची बिलिंग सिस्टिम होती. ग्राहकांच्या प्रकारांत घर, दुकान, कारखाना यांच्या खाली एक ओळ होती, लष्करी तळ. म्हटलं, लष्कराला पाण्याचं बिल? मग वाचत गेले आणि दोन वीकएंड गेले.

सुरुवात दुसऱ्या महायुद्धापासून करावी लागते. नॉर्थ कॅरोलायनातल्या फोर्ट ब्रॅगवर १९४० मध्ये सुमारे ५,४०० सैनिक होते. वर्षभरात तिथे ६७,००० झाले. (या तळाचं नाव २०२३ मध्ये फोर्ट लिबर्टी झालं आणि २०२५ मध्ये पुन्हा ब्रॅग. पाट्या रंगवणाऱ्याची चांदी.) एका वर्षात एक अख्खं गाव वसवायचं म्हणजे बराकी, रस्ते, विहिरी, पंप हाऊस, टाक्या, मैलापाण्याचा प्लँट, सगळं धावत-पळत. असंच देशभर शेकडो ठिकाणी चाललं होतं. बराकी लाकडाच्या होत्या, कागदोपत्री "तात्पुरत्या". आमच्या कोडमध्येही 'टेम्प' नावाचं एक फंक्शन आहे, ते लिहिणारा कंपनी सोडून गेला, त्याची मुलगी आता शाळेत जाते, फंक्शन चालूच आहे. बराकी निदान डोळ्यांना दिसतात, कधीतरी कोणीतरी पाडतं. पाइप जमिनीखाली. ते कोण बघणार?

युद्ध संपलं, शीतयुद्ध आलं, तळ वाढले, जुन्या लाइनला नव्या लाइन जोडल्या गेल्या. देखभाल करणारी माणसं तळाचीच. आपल्याकडे जसं एमईएस म्हणजे मिलिटरी इंजिनिअर सर्व्हिसेस, १९२३ पासून आहे, खडकी-देहूरोडकडच्या कुठल्याही मुलाला ही अक्षरं पाठ असतात, तसंच तिकडे प्रत्येक तळावर सार्वजनिक बांधकामाचं आपलं खातं. माणसं वाईट नव्हती. अडचण पैशाच्या वाटेत होती.

ही वाट समजून घेतली की बाकी गोष्ट आपोआप उलगडते. अमेरिकन संसद लष्कराला पैसे वर्षाच्या हिशेबाने देते. तळाच्या देखभालीचा पैसा आणि सैन्याच्या रोजच्या कामकाजाचा पैसा एकाच मोठ्या डोक्याखाली येतो. तळाचा कमांडर दोन-तीन वर्षांसाठी आलेला असतो. त्याच्यासमोर दोन कागद येतात. एकावर लिहिलंय, सराव आणि इंधन. दुसऱ्यावर लिहिलंय, अमुक चौकातली साठ वर्षांची मेन लाइन बदलणे. लाइन काल फुटली नव्हती, आज फुटलेली नाही, आणि फुटेल तेव्हा तो कमांडर दुसरीकडे असेल. तुम्ही कुठल्या कागदावर सही कराल? मीसुद्धा पहिल्याच. यात भ्रष्टाचार नाही, आळसही नाही. दरवर्षी थोडं थोडं पुढे ढकलत गेलं की पन्नास वर्षांनी जे होतं ते झालं, इतकंच.

दुरुस्ती पुढे ढकलता येते. बिल नाही. मग दुरुस्तीचंच बिल करून टाकलं तर?

१९९७ च्या शेवटी संसदेने कायद्यात कलम २६८८ घातलं आणि तळांवरच्या पाणी, सांडपाणी, वीज, गॅस या यंत्रणा विकायची सरसकट मुभा लष्कराला मिळाली. आधी प्रत्येक विक्रीसाठी वेगळा कायदा लागायचा. त्याच डिसेंबरमध्ये उपसंरक्षणमंत्री जॉन हॅमरे यांचा आदेश निघाला. सुरक्षेचं खास कारण असेल किंवा विकणं परवडत नसेल तेवढ्या यंत्रणा ठेवा, बाकी सगळ्या विका. मुदत १ जानेवारी २०००.

तारीख ओळखीची वाटते ना? वायटूके! इकडे पुण्या-मुंबईच्या कंपन्या अमेरिकेच्या जुन्या प्रोग्रॅममधल्या तारखा दुरुस्त करत बसल्या होत्या आणि तिकडे त्याच मुहूर्तावर लष्कराला आपले नळ देऊन टाकायचे होते. मी तेव्हा अंगणवाडीच्या वयाची, पण आमच्या मॅनेजरने वायटूकेच्या रात्रीच्या गोष्टी इतक्यांदा सांगितल्यात की मी तिथे होते असंच वाटतं. फरक एवढाच की वायटूकेचं काम वेळेत झालं. पाइपांचं नाही. वर्षभरातच, डिसेंबर १९९८ मध्ये, नवा आदेश आला आणि मुदत ३० सप्टेंबर २००३ वर गेली. तीही हुकली. संरक्षण खात्याकडे अशा सुमारे २,६०० यंत्रणा होत्या, त्या नव्याने उभारायच्या तर अंदाजे ५० अब्ज डॉलर लागले असते, आणि २००५ उजाडलं तरी या नव्या कार्यक्रमाखाली विकलेल्यांनी शंभरीही गाठली नव्हती.

का? तर विकायचं काय आहे हेच नीट माहीत नव्हतं. (बिल्डरची ड्रॉइंग्ज आठवली ना?) किती मैल पाइप, कुठल्या धातूचा, व्हॉल्व्ह किती, त्यातले फिरतात किती. हे मोजल्याशिवाय किंमत लावता येत नाही, आणि मोजायचे तर पुन्हा पैसे हवेत. त्यात संसदेची हिशेबतपासनीस संस्था जीएओ, म्हणजे आपल्या कॅगची बहीण म्हणा, तिने २००५ मध्ये एक खोचक गोष्ट दाखवली. कंपनी यंत्रणा विकत घेताना सरकारला जी किंमत देते, ती नंतर पाणीपट्टीतून सरकारकडूनच वसूल करते. म्हणजे सोसायटीने पंप कंपनीला विकायचे, आणि त्या विक्रीचे पैसे आपल्याच मेंटेनन्समधून हप्त्याने फेडायचे! मग स्वस्तात काय पडलं? लष्कराचं उत्तर साधारण असं, की पर्याय स्वस्त दुरुस्तीचा नव्हताच, पर्याय दुरुस्ती न होण्याचा होता. मला हे उत्तर पटतं. पण मग "पैसे वाचतील" असं म्हणू नये, "शेवटी एकदाचे खर्च होतील" असं म्हणावं.

आता एक तळ जवळून बघू. टेक्सासच्या एल पासो शहराला लागून फोर्ट ब्लिस आहे. वाळवंट, मेक्सिकोची हद्द हाकेच्या अंतरावर, पाऊस वर्षाला जेमतेम नऊ इंच. २००४ च्या ऑक्टोबरमध्ये इथली पाण्याची आणि सांडपाण्याची यंत्रणा अमेरिकन स्टेट्स वॉटर या कॅलिफोर्नियातल्या कंपनीच्या उपकंपनीकडे गेली. करार ५० वर्षांचा. जमीन लष्कराचीच, कंपनीला पाइप ठेवायचा आणि उकरायचा हक्क. महिन्याला ठरलेली रक्कम, त्यात रोजचं चालवणंही आलं आणि जुने पाइप टप्प्याटप्प्याने बदलणंही. दोन वर्षांनी पहिला फेरआढावा आणि पुढे दर तीन वर्षांनी.

सही होऊन वर्षही झालं नव्हतं, तोच २००५ मध्ये देशभरातल्या तळांची फेरमांडणी जाहीर झाली. काही तळ बंद, काही मोठे. फोर्ट ब्लिसच्या वाट्याला जर्मनीतली अख्खी पहिली आर्मर्ड डिव्हिजन आली! तळाची वस्ती काही वर्षांत कित्येक पटींनी वाढली, पूर्वेकडच्या मोकळ्या वाळूत नव्या बराकी, नवे रस्ते, नवी ड्रेनेज लाइन. साइन-ऑफ झाल्यावर क्लायंटचा मेल येतो ना, "एक छोटासा बदल आहे", तसा. कंपनीनेही मग आमच्यासारखंच केलं, चेंज रिक्वेस्ट टाकल्या. यादीत दाखवलेल्या आणि प्रत्यक्ष सापडलेल्या पाइपांत फरक निघाला, त्याचे वेगळे पैसे मागितले. दरांचा फेरआढावा अनेक तळांवर ठरलेल्या तारखेला झालाच नाही. २००७ मध्ये एल पासो शहर आणि लष्कर यांनी मिळून तळाच्या जमिनीवर खाऱ्या भूजलाचं गोडं पाणी करणारा मोठा प्लँट सुरू केला, दिवसाला सुमारे १० कोटी लिटरचा. २००४ च्या कराराच्या वेळी पुढच्या ५० वर्षांचं चित्र कागदावर मांडलं होतं आणि तीन वर्षांत ते ओळखू येईना. मला तीन महिन्यांच्या प्रोजेक्टचं एस्टिमेट जमत नाही, ही माणसं २०५४ पर्यंतचं देत होती.

तरी पाइप बदलले गेले, नवे पडले. बिल येत होतं, बिल भरलं जात होतं. काकांचा मुद्दा बरोबर.

आता काकांना न आवडणारा भाग. पाइपांच्या आधी, १९९६ मध्ये, लष्कराने तळांवरची कुटुंबांची घरंही अशीच खाजगी कंपन्यांकडे द्यायला सुरुवात केली होती. करार तसेच लांबलचक. सैनिकाच्या घरभाड्याचा भत्ता कंपनीकडे जाणार, म्हणजे पैशाची काळजी मिटली. शिवाय तक्रारी वेळेत सोडवल्या तर बोनस. आणि मग भिंतींना बुरशी, घरात तुंबलेलं मैलापाणी, आजारी मुलं अशा कहाण्या २०१८ च्या सुमारास बाहेर आल्या. डिसेंबर २०२१ मध्ये बाल्फोर बीटी कम्युनिटीज या कंपनीने कोर्टात गुन्हा कबूल केला. २०१३ ते २०१९ या काळात बोनस मिळवण्यासाठी दुरुस्तीच्या नोंदीच बदलल्या होत्या. दंड आणि भरपाई मिळून साडेसहा कोटी डॉलरच्या वर.

हे वाचताना मला घाम फुटला, कारण युक्ती ओळखीची आहे. सपोर्टमध्ये काम केलेल्या प्रत्येकाने पाहिलेली. एसएलएचं घड्याळ थांबवायला तिकीट 'सोडवलं' म्हणून बंद करायचं आणि त्याच त्रासाचं नवीन तिकीट उघडायचं. डॅशबोर्ड हिरवा, युजर तसाच रडतोय. आमच्याकडे फार तर रिपोर्ट उशिरा छापला जातो. तिकडे तिकिटाच्या पलीकडे बाळ झोपलेलं असतं.

मग लष्कराकडेच राहिलं असतं तर बरं झालं असतं? तसंही म्हणवत नाही. नॉर्थ कॅरोलायनातच कॅम्प लेज्यून नावाचा मरीन सैनिकांचा तळ आहे. १९५३ ते १९८७ या काळात तिथल्या नळांतून विषारी रसायनं येत होती. काही तळावरच धातू साफ करायला वापरलेली, काही कुंपणाबाहेरच्या एका ड्रायक्लीनरकडून जमिनीत मुरलेली. १९८० पासूनच्या तपासण्यांत पाण्यात काहीतरी गडबड दिसत होती. विहिरी बंद व्हायला १९८४ चा शेवट उजाडला. या सगळ्या वर्षांत ते पाणी प्यालेल्यांचा आकडा दहा लाखांपर्यंत असू शकतो. विहीर लष्कराची, प्लँट लष्कराचा, तपासणी लष्कराची, पिणारा सैनिकही लष्कराचाच. बरं, सैनिकाला सेवेत झालेल्या इजेसाठी सरकारवर दावा लावता येत नाही, असा १९५० चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आहे. कुटुंबांचे दावे मुदतीच्या नियमात अडकले. दाद मागायची वाट उघडणारा कायदा आला तो ऑगस्ट २०२२ मध्ये. तेव्हाची लहान मुलं तोवर आजी-आजोबा झाली होती.

निदान पाइपाची मालक कंपनी असेल तर राज्याच्या पाणी-अधिकाऱ्याला दंडाची नोटीस द्यायला जनरलच्या केबिनबाहेर ताटकळावं लागत नाही, हा एक फायदा मला दिसतो. पण विमानतळावरच्या आग विझवण्याच्या फेसातली रसायनं भूजलात उतरली, तसं काही झालं, तर पाइपाचा मालक कोण याने पाण्याला फरक पडत नाही.

मला सगळ्यात जास्त खुपतात ती ती ५० वर्षं. तळावरचे जे लोक कुठला व्हॉल्व्ह उलटा फिरतो हे सांगू शकायचे, ते निवृत्त झाले किंवा कंपनीत गेले. २०५४ मध्ये फोर्ट ब्लिसचा करार संपेल तेव्हा "आता आम्हीच चालवतो" म्हणायला लष्कराकडे कोण असेल? आम्ही याला केटी म्हणतो. ती नेहमी एकाच दिशेने होते, आपल्याकडून व्हेंडरकडे. उलटी केटी मी आजवर एकदाही पाहिलेली नाही.

येत्या रविवारी सोसायटीत मतदान आहे. मी काकांना व्हॉट्सॲपवर कळवलंय की कंपनीला द्यायला माझी हरकत नाही, पण करार तीन वर्षांचाच करा, आणि सहीच्या आधी सगळी चेंबर्स उघडून नकाशा काढून घ्या, तो सोसायटीच्या कपाटात राहील.

काकांचा लगेच रिप्लाय आला. नकाशाचे पैसे कुठल्या फंडातून घालायचे?